दादाची दुपारची फेरी

आमच्या घराचं फाटक भर दुपारी उघडं असतं, हे रत्नागिरीच्या मांडवीत कुणालाच आवडत नाही. बारा वाजले की दार लोटून घ्यायचं, विहिरीवर जायचं नाही, मोठ्या झाडाखाली उभं राहायचं नाही, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. रात्रीला सगळेच भितात. जाणती माणसं दुपारला जास्त भितात, कारण तेव्हा आपली सावली पायाखाली गेलेली असते आणि समोरून येणाऱ्याला सावली आहे की नाही ते कळत नाही. मी जन्मभर शाळेत शिकवलं, वर्गात पोरांना सांगितलं की भूतबीत काही नसतं, आणि सुट्टीच्या दिवशी घरी बाराला कडी घातली. आता घालत नाही. का, ते सांगते.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. लग्न केलं नाही. पुढे उपग्रह आले, रेडिओवाल्यांचं काम संपलं आणि हा कायमचा घरी आला. मीही नवरा गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर माहेरीच येऊन राहिले. दोन म्हातारी भावंडं एका घरात म्हणजे रोजचं एक भांडण ठरलेलं, आणि ते झालं नाही तर दोघांनाही चुकल्यासारखं व्हायचं.

कुंपणाच्या गडग्यापलीकडे एक खलाशी राहतो. तो वर्षातले बरेच महिने ट्रॉलरवर असतो, घरी बायको आणि एक लेक. लेकीला सगळे बाय म्हणतात, मीही तेच म्हणेन. बाय दीड वर्षाची असताना गणपतीत तिच्या पाठीमागे कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. आम्ही सगळ्या बायका किंचाळलो. ती हातातला मोदक खात राहिली. तिची आई हसत होती, "बगा, कशी धीट हाय!" दादा हसला नाही. त्याने बायच्या मागे जाऊन टाळी वाजवली, मग ताट वाजवलं, मग माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानात एक यंत्र बसवता येतं, ऐकू येईल, पण पाच वर्षांच्या आत बसवा. त्यानंतर ऐकू आलं तरी बोलणं शिकणं फार कठीण. यंत्राची किंमत ऐकून बायची आई इस्पितळाच्या पायरीवर बसली ती तासभर उठली नाही.

ते पैसे उभे करायचे असं दादाच्या डोक्यात भरलं. गावात हिंडून जमलं ते थोडंच होतं. मग त्याला त्याचे जहाजावरचे सोबती आठवले, मनिलाचा एक बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम, युक्रेनचा एक इंजिनीअर, घानाचा एक आचारी आणि असेच कितीतरी. ही माणसं द्यायला तयार होती, पण त्यांच्या बंदरांतून बँकेने पाठवायचं म्हणजे बरंच पाठवणावळीतच जायचं. तेव्हा जवळच्या पावस गावी राहणारा त्याचा एक मित्र पुढे आला. हा निवृत्त चीफ इंजिनीअर, आता हापूसची बाग बघतो, आम्ही त्याला चीफच म्हणतो. त्याने क्रिप्टोची युक्ती काढली. कायदा, कर, सगळं त्याने त्याच्या सीएला विचारून घेतलं होतं.

"दाखव तरी ते पैसे कसे असतात," मी दादाला म्हटलं.

"दिसत नाहीत ते."

"मग आहेत कशावरून?"

"देव दिसतो का तुला?"

"देवाला मी कधी इस्पितळाचं बिल भरायला सांगितलेलं नाही," मी म्हटलं.

तेव्हा चीफने मला समजेल असं सांगितलं. ही काचेची दानपेटी समजा. आत किती पडलंय ते जगात कुणालाही दिसतं. उघडायची किल्ली मात्र बारा शब्दांची असते. ते बारा शब्द ज्याला त्याच क्रमाने माहीत, तो मालक. ते फोनमध्ये लिहायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, कुणाला सांगायचे नाहीत. कागदावर दोन प्रती करून दोन ठिकाणी ठेवायच्या. दादा म्हणाला, हो हो, ठेवतो. तो "हो हो" असं दोनदा म्हणाला की ते काम होणार नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण मी उठून भात बघायला गेले. विषय माझा नव्हता.

पेटी भरत गेली आणि त्याच सुमारास दादाची दुपारची फेरी सुरू झाली. बरोबर बाराला बाय फाटकातून आत यायची. दादा तिला बोट धरून घराभोवती आणि घरातून हिंडवायचा. ठरावीक जागी थांबायचं, तिथल्या वस्तूवर बोटांनी दोनदा टकटक करायचं, तिच्याकडूनही करून घ्यायचं, पुढे जायचं. मी स्वयंपाकघरात असायची, खिडकीतून मधलंच काहीतरी दिसायचं. शेवटी पुढच्या पायरीवरून दादाचा एक घोगरा, लांबवलेला आवाज आणि पाठोपाठ पोरीचं हसू. तो घसा साफ करतोय असं मला वाटायचं. ते हसू ऐकलं की मी दोन पानं घ्यायची, कारण आता दादा जेवायला येणार.

मी ओरडायची. "भर दुपारी परक्याची पोर घेऊन फिरू नकोस. काही बाधलं म्हणजे तिच्या आईला काय सांगशील?"

"अगो, तिला हाक मारली तरी ऐकू जात नाही," दादा म्हणायचा. "तिला कोण नेणार?"

त्या दिवाळीनंतर एका सकाळी दादा नेहमीसारखा जेटीवर फिरायला गेला आणि जेटीच्या शेवटच्या पायऱ्यांवर खाली बसला तो उठलाच नाही. हातातला फोन पाण्यात गेला. गळ टाकून बसलेल्या माणसांनी त्याला धरलं. फोन कुणी धरला नाही आणि धरायचं कुणाला सुचायचंही कारण नव्हतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. माडावर चार-पाच बसले होते, खाली बघत होते, उतरत नव्हते. भावकीतले एकेक पुढे होऊन सांगू लागले, तुझ्या बहिणीला आम्ही बघू, घर नीट राखू. कावळे ढिम्म. ऊन चढत चाललं. मला रडू यायच्या ऐवजी राग आला. मी पुढे झाले आणि म्हटलं, "पोरीच्या कानाचं मी बघते. शब्द देते. आता खा आणि जा." एक कावळा उतरला. शिकलेल्या बाईने हे लिहू नये, पण झालं ते असंच झालं.

तेराव्याला आमची आते आली. ऐंशी ओलांडलेली, मंडणगडाकडच्या खेड्यातली. जेवणं झाल्यावर तिने घरभर नजर फिरवली.

"हलव गो सगळा," ती म्हणाली. "त्याच्या हाताखालच्या वस्तू जाग्यावर रायल्या की माणूस वाट इसरत नाय. येतो मागारी."

आमच्या घरची ही रीतच आहे. आजोबा गेले तेव्हाही पलंग, काठी, पानाचा डबा सगळं हललं होतं. मी आतेच्या सांगण्याप्रमाणे केलं. फाटकाजवळ दादाने आणून ठेवलेला होडीचा गंजका नांगर ट्रॉलरवाल्यांना देऊन टाकला. झोपाळा उतरवला. घड्याळ माजघरातून काढून कपाटात ठेवलं. गोठ्याच्या भिंतीला टेकलेली शिडी आत गेली, आरसा पालथा, आणि कोपऱ्याकोपऱ्यातल्या कितीतरी बारीकसारीक गोष्टी ज्याला हव्या त्याला दिल्या. संध्याकाळपर्यंत घर परक्याचं वाटायला लागलं आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चीफ पावसहून आला. म्हणाला, "ताई, तो कागद द्या. बारा शब्दांचा."

मी म्हटलं, "कसला कागद?"

तो खुर्चीवर बसला, मग उठला, मग पुन्हा बसला. त्याने त्याच्या फोनवर मला ती काचेची पेटी दाखवली. बायच्या यंत्रापुरते पैसे त्यात होते. किल्ली दादाबरोबर गेली होती.

"मला एकदा म्हणाला होता की शब्द घरातच आहेत," चीफ म्हणाला. "तो असा हेकट, ताई. शब्द ॲपने द्यायचे असतात. यादी असते दोन हजारांवर इंग्रजी शब्दांची, त्यातून. याने अकरा स्वतः निवडले. बारावा आधीच्या अकराला जुळणारा लागतो. तोसुद्धा चालतील त्या शंभरेक शब्दांतून यानेच निवडला."

घरातच आहेत म्हणजे कागदच, असं आम्ही दोघं धरून चाललो. गाद्या उसवल्या, तांदळाचा डबा उपडा केला, त्याचा जुना रेडिओ स्क्रू काढून उघडला. आत वाळवीची माती निघाली. चार दिवस शोधलं. मी स्वतःच्या हाताने ज्या वस्तू घराबाहेर काढल्या होत्या, त्यांच्याकडे आमचं लक्षच गेलं नाही.

आणि पेटीत पैसे पडतच होते. दादा गेल्याचं कळल्यावर त्याच्या सोबत्यांनी आणखी पाठवले. चीफ फोन करून सांगायचा, आज घानावाल्याचे आले, आज मनिलाचे. मेलेल्या माणसाच्या खिशात रोज कुणीतरी पैसे घालत होतं. मला ते ऐकवेना. मी एकदा त्याला सांगितलं, आता सांगत जाऊ नकोस. चैत्रात बायला पाच पुरी होणार होती.

पौषातली दुपार होती. मी एकटीसाठी भात लावला होता. पुढच्या पायरीवरून बायचं हसू आलं, ते ठरलेलं, ठरलेल्या वेळचं. माझा हात सवयीने फळीवर गेला आणि मी दोन पानं घेतली. दुसरं पान मांडल्यावर मला कळलं की आपण काय केलं. मी तशीच बाहेर आले. बाय पायरीवर एकटी उभी होती. तिचा उजवा हात वर उचललेला, पंजा पसरलेला, कशाला तरी टेकवावा तसा हवेत धरलेला होता. ती वर बघत होती आणि हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी उभी राहिले. बाराला ती आत आली. फाटकाजवळ, जिथे नांगर होता तिथे, ती थांबली आणि रिकाम्या जागेत वाकून दोन बोटांनी दोनदा टकटक केलं. पुढे गेली. आंब्याखाली थांबली. गोठ्याच्या भिंतीशी थांबली, जिथे आता काही नव्हतं. मग पडवीतून माजघरात आली. घड्याळाच्या जागी आता नुसता खिळा होता. त्याच्याखाली उभी राहून तिने दोन्ही हात वर केले, कडेवर घे म्हणताना पोरं करतात तसे. टाचा उचलल्या. थोडा वेळ वाट बघितली. आणि मग खिळ्याकडे नाही, त्याच्या अलीकडे, जिथे उंच माणसाचा चेहरा असता तिथे बघून तिने मान हलवली आणि पुढे गेली.

हे मी कुणाला सांगितलं नाही, पण तिच्या आईनेही बघितलं होतं. ती संध्याकाळी गडग्यापलीकडून म्हणाली, "ओ बाई, तुमचे दादा पोरीला सोडीत नायत बगा. ती कोणाला हात वर करते? मी डोल्यांनी बगितला."

तिने दहीभात उतरवून टाकला, पोरीच्या दंडाला दोरा बांधला. मी फाटकाला कुलूप घातलं. रोज बाराला बाय येऊन गज धरून उभी राहायची. मुकी पोर, मागता यायचं नाही, नुसतं रडणं ऐकू यायचं. मी आत पाठ करून बसायची. जवळजवळ महिनाभर मी हे केलं. त्या महिन्याची मला आजही लाज वाटते. दादाची भीती वाटली म्हणून मी त्याच्या लाडक्या पोरीला उन्हात उभी केली.

माघात एकदा दूधवाल्याने फाटक नीट लावलं नाही. बाय आत शिरली. मला तिला धरून बाहेर काढायचं होतं, पण तिने माझ्याकडे अशा काही रागाने बघितलं की मी मागे सरले. जाऊ दे, म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे. आणि मी तिच्या मागोमाग चालायला लागले. सहलीला पोरं मोजायची सवय जात नाही. ती थांबली की मी मनात आकडा म्हणत होते. नांगराची जागा, एक. गडग्यातला एक सुटा चिरा, दोन. खराटा, तीन. आंबा, चार. अशी ती सगळं घर फिरली आणि शेवटी पायरीवर येऊन तिने हात वर उचलला, तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "बारा."

मी तिथेच पायरीवर बसले. शब्द घरातच आहेत. दादाने कागद केला नव्हता, कारण कोकणात कागद ओल खाते नाहीतर वाळवी खाते. त्याने पाठांतर केलं होतं, आणि चुकायला नको म्हणून रोज उजळणी करत होता. सोबतीला अशी एक पोर घेतली होती, जिला काही ऐकू जात नाही आणि जी कुणाला सांगू शकत नाही. आणि मी त्या वस्तू वाटून टाकल्या होत्या.

त्याच दिवशी मी आतेला फोन केला. सांगितलं की सगळ्या वस्तू परत होत्या तिथे ठेवणार आहे.

"खुळी काय गो तू?" ती ओरडली. "वाट दावतेस त्याला? आलाच तर?"

"आला तर जेवायला वाढीन," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नांगर परत आणला. घड्याळ खिळ्यावर लावलं, ते आपोआप चालू झालं, म्हणजे धक्क्याने झालं असेल. झोपाळा चढवला. आरसा सरळ केला. एकेक वस्तू जागेवर जात होती आणि घर पुन्हा दादाचं होत होतं, त्याचा विड्यांचा वास यायला लागला. आरशाच्या चौकटीतून निघाला असेल, लाकूड वास धरून ठेवतं. मी स्वतःला अशी कारणं देत होते आणि मागे वळून बघत नव्हते.

चीफ ती दोन हजारांवर शब्दांची यादी छापून घेऊन आला. रोज बाराला बाय पुढे, मी तिच्या मागे, चीफ पडवीत चष्मा लावून. अडचणी होत्याच. यादीत स्टोनही होता आणि ब्रिकही होता, मग चिरा म्हणजे काय? मला आठवलं, दादा परदेशी सोबत्यांना आमच्या घराचा फोटो दाखवताना म्हणायचा, ही जमिनीतून कापून काढलेली लाल ब्रिक. ब्रिक धरला. आंब्याजवळ चीफ म्हणाला, "ट्री की मँगो?" मी म्हटलं, "हापूसला नुसतं झाड म्हणणारा रत्नागिरीत जन्मायचाय." मँगो धरला. पडवीच्या खांबाशी मात्र ती गुडघ्याएवढ्या उंचीवर टकटक करायची आणि तिथे काय होतं ते मला काही केल्या आठवेना. तीन दिवस मी त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. चौथ्या दिवशी बायची आई बांगडे घेऊन दारात आली, टोपली खाली ठेवली आणि बाय धावत जाऊन त्या टोपलीवर दोनदा टकटक करून आली. तेराव्याच्या दिवशी ती टोपली मीच तिच्या आईला दिली होती.

घड्याळापाशी तिने हात वर केले की आता मी तिला उचलायची. ती टकटक करायची. पण बघायची माझ्याकडे नाही. मी बुटकी आहे. तिची नजर माझ्या डोक्यावर वीतभर असायची.

अकरा शब्द झाले. बाराव्याला घोडं अडलं. पायरीवर काही नव्हतंच कधी. ती हवेत हात धरायची, थोडा वेळ थांबायची, हसायची. चीफने स्टेप लावून बघितला, एअर, पाम, हँड. पेटी उघडेना. "चालणारे शंभरेक शब्द एकेक करून बघायला घेतलेत," तो म्हणाला, "पण आधीचे अकरा चोख हवेत. एखादा चुकला असेल तर हे ॲप कुठला चुकला ते सांगत नाही." इस्पितळातून विचारणा झाली होती. फाल्गुन लागला होता. बायची आई रोज गडग्याशी येऊन उभी राहायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्या दुपारी चीफ नव्हता. बायने पायरीवर उभी राहून हात वर धरला. मला अतिशय थकवा आला होता. मी तिच्यासमोर खालच्या पायरीवर गुडघे टेकले, म्हटलं, "काय आहे गो तिथे? सांग तरी." तिचा हात हवेतून खाली आला आणि माझ्या गळ्यावर टेकला. बोटं थंडगार होती. मी बोलत होते ते तिला तळव्यात कळलं आणि ती हसली, अगदी तेच हसू.

म्हणजे दादा घसा साफ करत नव्हता. तिचा हात गळ्यावर घेऊन तो शेवटचा शब्द लांबवून म्हणायचा. सगळ्या फेरीत तेवढा एकच शब्द तो उच्चारायचा, तिला हाताने ऐकू यावा म्हणून. मी यादी उघडली. गळा म्हणून नेक होता. त्याच्या पुढे कितीतरी पानं उलटल्यावर दुसरा होता आणि तो वाचल्यावर मला पुढचं दिसेना, इतकं रडू आलं. दादा गेल्यापासून मी पहिल्यांदा रडत होते. मी चीफला फोन करून म्हटलं, "व्हॉइस." पलीकडे तो टाइप करताना टकटक ऐकू येत होती. मग चीफसारखा माणूस हुंदका देताना मी ऐकला.

पैसे सुटले, रुपये झाले, कर भरला. फाल्गुनाच्या शेवटी मुंबईत बायचं ऑपरेशन झालं, आणि जखम भरल्यावर यंत्र चालू केलं तेव्हा तिच्या आईने तिला नावाने हाक मारली. बाय दचकली. मग रडली, आणि स्वतःचं रडणं ऐकून गप्प झाली. तिच्या आईने माझे पाय धरले. मी तिला झापलं, माझे कसले धरतेस म्हणून.

आता तिला ऐकायचा सराव करून घ्यायचा असतो. इस्पितळातल्या बाईंनी रीत सांगितली आहे. पोरीपुढे वाटी ठेवायची, हातात चिंचोके द्यायचे. आपण मागून आवाज काढायचा. ऐकू आला की तिने एक चिंचोका वाटीत टाकायचा. नाही आला तर टाकायचा नाही. फसवायचं नाही, नाहीतर पोर अंदाजाने टाकायला लागते. तिची आई बाजारात गेली की हे काम माझ्याकडे असतं. बाय यात फार चोख आहे. एकदाही उगाच चिंचोका टाकलेला नाही.

वैशाखातली गोष्ट. फेरी आटपून ती पायरीवर बसली होती, पुढ्यात वाटी. ती आता फेरीत टकटक जोरात करते, तिला तो आवाज आवडतो. मी तिच्यासमोर बसले होते, अजून सुरुवात केली नव्हती. रस्त्यावर कुणी नव्हतं. वारा पडला होता, माडाचं एक झावळं हलत नव्हतं. पाखरंसुद्धा गप्प. माझं तोंड मिटलेलं होतं.

बायने मान कलती केली. वाटीत चिंचोका टाकला.

मी तिला नाही नाही म्हणून बोट हलवलं. तिने माझ्याकडे बघितलं, कानाला हात लावला आणि भुवया उंचावून तो हात माझ्याकडे केला. तिला हाच प्रश्न इस्पितळात रोज विचारतात, ऐकू येतंय का म्हणून. मी मान हलवली. नाही येत. तिला माझी दया आल्यासारखं वाटलं. मग ती माझ्या डोक्यावर वीतभर बघत हसली आणि दुसरा चिंचोका टाकला. मग तिसरा.

मला भीती वाटली नाही. मला राग आला. साठ वर्षं ज्याच्याशी भांडले, ज्याच्यासाठी कावळ्यापुढे शब्द दिला, तो येऊन बोलतो ते त्या पोरीशी. मला एक हाक नाही. मी वाटीकडे बघत बसले. चिंचोके एकेक पडत होते, मध्ये सारखं अंतर राखून, आणि माझी मोजायची सवय जात नाही. बारा झाल्यावर ती थांबली.

घड्याळात साडेबारा होत आले होते. मी उठले, आत गेले आणि दोन पानं घेतली.